हुलगा

“कान इकडं कर,” सोजर म्हणाली. “आणि आधी कबूल कर, पोटात ठेवशील.”

“मी? अगं, मी म्हणजे विहीर. टाकलेलं वर येत न्हाई.”

“विहीर कसली! गळका रांजण हायस तू. तोंडात तीळ भिजत न्हाई तुझ्या.” असं म्हणून ती हसली आणि मांडीवरचं सूप तिनं माझ्याकडं सरकवलं. सुपात हुलगे होते. ती खडे निवडत बसली होती, कारण दुसरं काही करायला नव्हतं. संपाचा सतरावा दिवस होता. विडीच्या पानांची सवय असलेली बोटं रिकामी राहिली की माणसाला कसंनुसं होतं.

सुपातला एक दाणा तिनं उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “हा घे. उद्याचा शब्द.”

“हुलगा?”

“हळू की गं, भवाने! सगळ्या आळीला सांगतीस का?”

आता हा शब्द काय, ते सांगायला पाहिजे. आम्ही गावातल्या तीनशे बायका शेठच्या विड्या वळत होतो. पान, तंबाखू शेठकडून आणायचं, घरी ओट्यावर बसून वळायचं आणि संध्याकाळी विड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, कारखान्यात नेऊन घालायचे. तिथं मुकादम बसलेला. तो कट्टा सोडायचा आणि मूठ-मूठ विड्या खराब म्हणून, मजुरी न देता, बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणत. छाटीतल्या विड्या रात्रीतून चांगल्या होत आणि शेठच्याच छापाखाली बाजारात जात. ती छाट बंद करा, एवढ्यासाठी आम्ही बसलो होतो. शेठ बधत नव्हता. त्यानं पानांचा ट्रक शेजारच्या खेड्यांत पाठवून तिथल्या बायकांकडून विड्या वळून घ्यायला सुरुवात केली. आम्ही ट्रक अडवायला एका रस्त्यावर बसावं, तर ट्रक दुसऱ्याच रस्त्यानं जायचा. तीनदा असं झालं. कुणीतरी फुटलं होतं.

आमचे पुढारी बोऱ्हाडे मास्तर. प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून युनियनचं काम करत. त्यांनी तोड काढली. बैठकीच्या दारात प्रत्येकीनं एक शब्द सांगायचा, तो आला तरच आत. “याला परवलीचा शब्द म्हणायचं,” मास्तरांनी आम्हाला शिकवलं. “पूर्वी किल्ल्यावर पहारेकरी विचारायचा. शब्द ठाऊक असला तर आपला माणूस, नसला तर परका. आणि एक ध्यानात ठेवा. शब्द एकदा फुटला की मेला. मग तो सांगणारा तुमचा सख्खा का असेना, त्याला आत घ्यायचं नाही.”

पाच आळ्या, पाच प्रमुख बायका. मास्तर आदल्या संध्याकाळी त्या पाच जणींनाच शब्द सांगायचे. त्यांनी तो सकाळी घराबाहेर पडताना आपापल्या बायकांना द्यायचा, तोवर जिभेखाली. सोजर वरच्या आळीची प्रमुख होती. आणि मी? मी घोषणा देणारी. आवाज होता माझा. मोर्चात मी अर्धी ओळ फेकायची आणि बायकांनी उरलेली उचलायची. “छाट काढणं...” मी म्हणायची. “बंद करा!” सगळ्या म्हणायच्या. त्यांतही पहिला आवाज सोजरचा. माझा श्वास संपायच्या आत ती उचलायची, मग तिच्यामागून बाकीच्या. ओट्यावरही आमचं असंच चालायचं. ती पानं कापायची, मी वळायची. तिचं कापलेलं पान माझ्या बोटांत असं बसायचं की बघायलाच नको.

पण शब्द मला मिळत नव्हता. माझा नवरा रंगनाथ शेठच्या तंबाखूच्या गोदामावर रात्रीचा वॉचमन होता. मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “मथुराबाई, राग मानू नका. तुमच्यावर माझा भरवसा आहे. पण घरात दोन झेंडे असले की माणसाला जपून राहावं लागतं.” बोलले गोड, पण झोंबलं ते झोंबलंच. घसा फोडायला मी आणि शब्दाला परकी! हे मी सोजरला रडून सांगितलं होतं. म्हणून तर तिनं त्या दिवशी तो दाणा माझ्या हातावर ठेवला.

“तुला एकटीला बाहेर ठेवलेलं मला बरं वाटंना,” ती म्हणाली. “आता झालं ना समाधान? घाल कमरेला आणि जा घरी. पोरी वाट बघत असतील.”

मी खरंच तो दाणा कमरेला खोचला.

घरी येऊन भाकरी थापायला बसले. आणि काय सांगू, मला असं काही उधाण आलं होतं! सोजरनं मला मोजलं होतं माणसात. हात पिठात, तोंड मोकळं. मला सवयच होती, एखादा शब्द मिळाला की त्याची घोषणा करून बघायची. थापता थापता मी गुणगुणले, “हुलगा भिजला... शेठ थिजला. हुलगा शिजला... मुकादम विझला.” पोरी हसल्या. रंगनाथ चुलीशेजारी भाकरीची वाट बघत बसला होता. तोही हसला.

“हे काय नवीन?” तो म्हणाला.

“काही न्हाई,” मी म्हणाले. “उद्या कळंल.”

एवढंच. माझ्या तोंडून एवढंच गेलं. मी किती वेळा ते मोजलंय, दुसरं एक अक्षर गेलं नाही.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तालमीत होती. बाईमाणसानं तालमीच्या मातीत पाय टाकायचा नसतो. पण वस्तादाची बायकोच विड्या वळायची, मग वस्ताद बोलणार काय! तालमीचं दार बुटकं, एका वेळी एकच बाई वाकून आत जाणार. मास्तर दाराशी उभे राहिले आणि मला त्यांनी शेजारी उभं केलं. गावातले चेहरे मला पाठ होते.

अजून कुणी आलं नव्हतं. वरच्या आळीतल्या तर घरातूनही निघाल्या नसतील. इतक्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत. मी हिला कधीच पाहिलं नव्हतं.

“शब्द?” मास्तरांनी विचारलं.

“हुलगा,” ती म्हणाली.

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर मात्र शांत. “या, आत बसा,” म्हणाले, आणि वस्तादाच्या बायकोला त्यांनी डोळ्यानं खुणावलं. ती बाई वाकून आत गेली आणि वस्तादाच्या बायकोनं तिला भिंतीशी बसवून घेतलं.

“मथुराबाई,” मास्तर हळूच मला म्हणाले, “सापडलं. पाच जणींना मी पाच शब्द दिलेत. मेथी, करडई, जवस, राळा. आणि हुलगा एकटीलाच, सोजरबाईला.” त्यांचा चेहरा पडला होता. “माझा सुद्धा विश्वास बसत नाही. तुमची मैत्रीण, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. तुमच्यावर कुणी बोट दाखवणार नाही, तुम्हाला तर मी शब्दच दिलेला नव्हता.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण समोरून बायका यायला लागल्या. मेथी, मेथी, जवस. एकेक वाकून आत. मग वरच्या आळीच्या आल्या, सगळ्यांपुढं सोजर. आंघोळ करून, ठसठशीत कुंकू लावून. तिनं दारात वाकताना माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

“हुलगा,” ती म्हणाली.

आत तीनशेच्या जागी दीडशे बायका दाटीवाटीनं बसल्या. मास्तरांनी हिरव्या लुगड्यातल्या बाईला मधे उभं केलं. दोघी-तिघींनी तिचा पदर ओढला, तशी ती रडायलाच लागली. तिनं लगेच सांगून टाकलं की मुकादमानं शब्द दिला, काय ठरतंय ते ऐकून ये म्हणाला. त्याला कुणी सांगितला ते तिला माहीत नव्हतं. मग मास्तरांनी पाच शब्दांची गोष्ट फोडली.

सगळ्यांनी सोजरकडं बघितलं.

“सोजरबाई,” मास्तर म्हणाले, “हा शब्द काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत तुमच्याजवळच होता. कुणाला सांगितला?”

सोजरनं माझ्याकडं बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. मला वाटतं, माझं तोंड बघूनच तिला कळलं. ती रागानं बघत नव्हती. वाट बघत होती. मोर्चात मी अर्धी ओळ फेकली की ती जशी तयार असायची, तशी तयार होती. मी ‘मास्तर’ एवढं म्हटलं असतं तरी पुढचं तिनं उचललं असतं.

मागून वस्तादाची बायको ओरडली, “मथूला सांगितला असंल! तिचा नवरा गोदामावर हाय!”

मला रंगनाथ दिसला, माझ्या दोन पोरी दिसल्या, आणि या दीडशे बायका माझ्यावर थुंकताना दिसल्या.

“न्हाई,” सोजर म्हणाली. “मथूला म्या सांगितला न्हाई. कुणालाच न्हाई.”

आणि परत तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं मला दार उघडून दिलं होतं. आता मी स्वतः बोलावं, म्हणजे माझं माणूसपण तरी राहील, असा तिचा हिशेब असणार. तशीच होती ती. मी खाली मातीकडं बघितलं. तालमीची लाल माती, कुणाच्या तरी घोट्याचा ठसा होता तिच्यात. तो मी बघत राहिले.

“मग मुकादमाला काय देवानं सांगितला?” कुणीतरी म्हणालं. मग ओरडाआरडा. कुणी म्हणालं, विधवा बाई, शेठनं पैशाचं आमिष दाखवलं असणार. कुणी म्हणालं, मला आधीच वास आला होता. काल जी तिच्या ओट्यावर बसून तिचा चहा प्यायली होती ती सुद्धा बोलली. घर फिरलं की वासे फिरतात. मास्तरांनी हात वर करून ठराव घेतला: सोजरला युनियनमधून काढायचं, तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही, तिचं कापलेलं पान कुणी घ्यायचं नाही. हात वर झाले. माझाही झाला. कुणाचे हात खाली आहेत ते मास्तर बघत होते.

घरी आले तर रंगनाथ आंघोळ करून जेवायला बसला होता.

“तुम्ही सांगितलं,” मी म्हणाले.

त्यानं नाकारलं नाही. “मुकादमानं विचारलं, बायको काय म्हणती घरी. म्या म्हणलं, हुलग्याचं गाणं म्हणती. हसत हसत बोललो. त्यानं त्यातनं काय काढलं, मला काय ठाऊक?”

“ठाऊक नव्हतं? खरं बोला!”

त्यानं घास खाली ठेवला. “बरं, होतं. मग? तुझी चूल सतरा दिवस झाले विझलीय. माझी पण विझवू? दोघांनी उपाशी मरायचं का पोरींना घेऊन? घरात एकानं तरी शेठची मर्जी राखायला नको?”

“तिकडं सोजरला काढली. माझ्यापायी.”

“तुझ्यापायी कशी? तिनं तुला सांगायचा नव्हता. नियम तिनं मोडला.” आणि मग तो जे बोलला ते मी अजून विसरले नाही. “जा, सांग मास्तराला. पण सांगून काय होईल ते बघ. ती काही परत येणार न्हाई, वर तू जाशील. एक गेली, दोन जातील. कुणाचं भलं?”

त्याचं खरं वाटलं मला. भिणाऱ्या माणसाला भीतीच्या बाजूचं सगळंच खरं वाटतं. मी खाली बसले आणि त्याला वाढलं.

संध्याकाळी मास्तर घरी आले. बाहेर अंगणातच उभे राहिले. “मथुराबाई, उद्याचा मोर्चा वरच्या आळीतून न्यायचा आहे. सोजरबाईच्या दारावरून. बायकांना धाक बसला पाहिजे, नाहीतर संप मोडेल. तुमची मैत्रीण आहे, मला कळतं. पण घोषणा तुमच्याशिवाय कोण देणार? आणि तुम्ही नाही आलात तर लोक बोलतील.”

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र ते बरोबर लागलं.

सकाळी दहा वाजता आम्ही तिच्या दारात उभ्या होतो. ओट्यावर ते सूप तसंच होतं. हुलगे निवडून झाले होते. सोजर दारात आली. मागं तिचं दहा वर्षांचं पोर तिच्या लुगड्याला धरून. ती आत गेली नाही, दार लावलं नाही, उंबऱ्यावर उभी राहिली.

मागून बायकांनी मला ढोसलं. “दे की गं मथू!”

मी घोषणा दिली. आवाज चांगलाच लागला. मेला दगाही देत नाही नेमक्या वेळी.

“फितुराला...”

आणि कुणी उचललंच नाही. इतके दिवस सोजरनं उचललं की उचलायचं, हीच सवय लागली होती त्यांना. पहिला आवाज कुणाचा यावा याची सगळ्या वाट बघत होत्या.

सोजरनं माझ्याकडं बघितलं आणि उंबऱ्यावरूनच, मोठ्यानं नाही, रोजच्या आवाजात म्हणाली, “थारा न्हाई.”

मग तिच्यामागून दीडशे बायका ओरडल्या, “थारा नाही! थारा नाही!” मी आणखी सहा वेळा घोषणा दिली. मोजून सहा वेळा. एकदाही माझा आवाज फाटला नाही.

संप पंचविसाव्या दिवशी आम्ही जिंकला. छाट बंद झाली, मुकादमाला शेठनं दुसऱ्या गावी पाठवलं. मास्तरांनी मला हार घातला. पानं वाटायला सुरुवात झाली त्या दिवशी सोजर पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली होती. रांग तिच्यापासून बाजूला सरकली, आणि ती तशीच रिकामी पिशवी घेऊन परत गेली. आठवड्यानं पोराला घेऊन ती पारनेरकडं भावाच्या गावी निघून गेली. पुढं मी युनियनची उपाध्यक्ष झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला चोर मी. पण चोरानं उपाध्यक्ष व्हावं, हे त्या म्हणीतही नाही.

अठ्ठावीस वर्षं गेली. मास्तर वारले. मग रंगनाथ वारला. पोरी आपापल्या घरी. मला वाटलं, आता सांगायला कुणाची अडचण नाही. लाज वाटते म्हणायला, पण खरं आहे: सगळी माणसं मरेपर्यंत मी थांबले, आणि त्याला हिंमत म्हटलं. एसटीनं पारनेर, तिथून जीपनं तिचं गाव. वाटेत कुणाच्या तरी हातातल्या पेपरात मोठ्या अक्षरात होतं, ‘विकास हा आजचा परवलीचा शब्द’. म्हणजे जो तो उठून जो बोलतो तो. आमच्या वेळी उलटं होतं. सगळ्यांच्या तोंडी गेला की शब्द संपायचा.

घर सापडलं. दोन खोल्या, पुढं सारवलेला ओटा. दुपारचे चार वाजले असतील. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून कात्रीचा आवाज येत होता. तो आवाज मी हजारांत ओळखला असता. ती अजून पानं कापत होती, कुणासाठी देव जाणे.

मी कडी वाजवली. कात्री थांबली.

“कोण हाय?”

“मी आले गं,” मी म्हणाले. “मथू.”

मला दाराच्या फटीतून तिचा हात दिसत होता. हात वाळला होता, पण कात्री धरायची पद्धत तीच.

“मथू कोण?” ती म्हणाली. “शब्द सांग.”

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. खरंच वाटलं. जुनी सोजर अशीच होती, भवाने म्हणायची, हसायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही आलं. अठ्ठावीस वर्षं मी जे पाठ करून आले होते, मी बोलायला हवं होतं, माझं चुकलं, मला माफ कर, ते सगळं घशात आलं. पण तिनं विचारलं होतं तेच मी आधी सांगितलं.

“हुलगा,” मी म्हणाले.

“तो फुटलाय,” सोजर आतून म्हणाली. “बाहेरच बस.”

कात्री परत चालू झाली. थोड्या वेळानं तिच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला आणि जाताना दार लावून घेतलं. मी पाणी प्यायले. शेवटची जीप साडेपाचला होती, तोवर ओट्यावर बसून राहिले.